पहिला झोका

खुर्ची देताहेत मला, आबा. मारुतीच्या पारावर, पाटलाच्या शेजारी, पाठ टेकायची खुर्ची. यंदा अक्षय्यतृतीयेला, आपल्या अखाजीला, पोरींच्या शर्यतीची मी म्हणे मानाची पाहुणी, बसून नुसतं बघायचं. हे सांगायला तुमचा धाकटा पिंपळनेरकडून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं धक्के खात इथं यावलला आला. आमच्या ओट्यावर बसून केळी खाल्ली आणि म्हणाला, "अक्का, आते तू मोठी व्हयनी. लोके तुले बघाले येतीन." म्हटलं, "मोठी व्हयनी, ते मना पाय ग्यात का?" हसला मेला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, नाहीतर त्याला तुमच्याच पुढं उभा केला असता.

नदीत गौराई बोळवली की तिथूनच शर्यत सुटते, गावाला वळसा घालून पारापर्यंत. पहिली येईल तिचा निंबावरचा पहिला झोका, आणि बाकीच्यांनी तिची गाणी म्हणायची. पोरी सुरुवातीलाच उधळायच्या. मी कासोटा घट्ट मारून मागं राहायची, विहीर आली की सुटायची. लग्नाआधी, लग्नानंतर, कडेवरचं पोर आईकडे देऊनसुद्धा, पहिला झोका माझाच. अजून गातात, "वारा दमना वं माय, आबानी पोर दमनी नही." गाण्यात नाव तुमचं, धापा माझ्या. इथला कापडवाला शेठसुद्धा विचारतो, "त्या धावणाऱ्या बाई तुम्हीच ना?" म्हणतात, मी धावले की धूळ मागाहून यायची. खोटं आहे. बरोबरच यायची, नाकातोंडात जायची.

एक सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. आई चुलीवरच्या खापरावर मांडे टाकते आहे. तुम्ही दारातून ओरडता, "पोरीच्या जातीनं एवढं धावू नये. सासरचे म्हणतील, घोडी आणली." आई मान वर न करता म्हणते, "लंगडी तर नाही ना आणली." तुम्ही न जेवता निघून जाता. मागाहून मी घागर घेऊन नदीवर निघाले, तर तुम्ही गाडीवाटेवर वाकून बाभळीचे काटे वेचत होतात. "बैलांच्या पायात जातात," म्हणालात. आपलं शेत गावाच्या दुसऱ्या अंगाला. त्या वाटेनं आपला बैल कधी गेला नाही. दुपारी शर्यतीत त्याच वाटेनं अनवाणी धावले, एक काटा लागला नाही. पुढच्या कुठल्याच अखाजीला लागला नाही.

मी सुखात आहे, आबा. घर भरलेलं आहे, गुडघे कुरकुरतात पण ऐकतात. रोज पहाटे केळीच्या बागेत पाटाच्या कडेनं धावून बघते. नवरा विचारतो, "कुत्रं लागलं का मागं?" त्याला काय सांगणार. तुम्हालाच विचारते, धावू का बसू?

दुसरीत शाळा सुटली माझी, तरी हे पत्र टपालात टाकायचं नसतं एवढं कळतं. खापराखाली ठेवते. खरं सांगू का, नव्या पोरींपुढं हरेन मी, त्याचं काही नाही. झोका दुसरीला मिळाला तर मात्र वाईट वाटेल. अखाजीला सकाळी भाऊ तुमच्या नावाची घागर भरेल. त्याआधी मी गाडीवाटेवर जाऊन येणार आहे. काटे दिसले तर खुर्चीत बसेन. तेव्हा काय ते त्या सकाळपर्यंत कळवा.