अकरा दसऱ्यांचा चंदेरी रंग

मंगळ. २६ नोव्हेंबर ८५
परत लेट मार्क. तिसरा. मरोळहून आरेची बस पाऊण तास आलीच नाही, आणि आली ती गोठ्याकडे चाललेल्या म्हशींच्या मागे अडकली. मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. "या महिन्यात चौथा लागला तर शिफारस नाहीच. डिसेंबरात एकही नको. एक लागला की तुम्हाला कायम करा, असं मी लिहिणार नाही." म्हशींना सांगा म्हणावं.

एकतीस वर्षांची बाई, दोन वर्षं तात्पुरती शिक्षिका. बस्स झालं.

घरी येऊन जाहीर केलं, सोमवारपासून आप्पांची सायकल घेऊन जाणार. आप्पांचा घास हातातच राहिला.
"ती चालवूची नाय. पुजूची."
अकरा वर्षं पुजतायत. कारखान्यात फिटर होते तेव्हा याच विलायती सायकलवर जायचे. आरेच्या उतारावर पडले, पाय मोडला, कायमचे लंगडे झाले. तेव्हापासून ती जिन्याखाली. दसऱ्याला बाहेर निघते, पायडलांच्या दांड्यांना, म्हणजे क्रँकना, चंदेरी रंग, हळदकुंकू, झेंडूचा हार, की परत आत. वडे आधी तिला, मग मला.
मी म्हटलं, "पूजा झाली की नोकरीला पण जाऊ दे तिला."
ताट सरकवून उठले.

बुध. २७
सायकल ओढून चाळीच्या अंगणात आणली. चाकं झकास फिरतात. हवा टिकली. ब्रेक लागतात. वाट लावलीय ती पायडलांनी. उजवं जाम, हाताने फिरतच नाही. डावं आप्पा पडले तेव्हा वाकलं ते वाकलेलंच. नवी जोडी आणलीये, पण जुनी निघतील तर ना! पाना बसतो न बसतो तोच सटकतो. बोटाचं साल गेलं.

वरच्या गॅलरीतून सावंतकाकू, "काय गं, नळीवाली पुरुषांची सायकल? पोरं शिट्ट्या मारतील."
"मारू दे. मला पण येते शिट्टी."
वाजवून दाखवली. काकू आत.

लहानपणी याच सायकलीच्या नळीखालून पाय घालून शिकलेय. शिकवलं कोणी? आप्पांनीच. आता बघा.

गुरु. २८
शाळा सुटल्यावर सायकल ढकलत नाक्यावरच्या दुकानात. सायकलवाल्याने दोनदा जोर लावला, हात पुसले. "बहनजी, ये नहीं खुलेगा. क्रँक काटना पडेगा." कापल्यावर दुसरा क्रँक? "इतनी पुरानी का कहाँ मिलेगा?" म्हणजे सायकल गेलीच. वर सल्ला, "आप लेडीज सायकल लो ना."
म्हटलं, "मैं खोल के लाती हूँ, फिर बोलना." तोंडातून निघून गेलं. आता खोलावंच लागणार.

शुक्र. २९
सापडलं! पाना का सटकतो ते. क्रँक आणि पायडल यांच्यामध्ये पाना धरायला दोन सपाट बाजू असतात, त्या रंगाखाली गडप झाल्यात. दर दसऱ्याला एक हात. सुरीने खरवडायला बसले. चंदेरी, खाली कुंकू, परत चंदेरी, मध्ये झेंडूच्या हाराचा दोरा, परत चंदेरी. आप्पा ओट्यावर सुपारी कातरत बघतायत.
न राहवून विचारलं, "फिटर ना तुम्ही? सांध्यावर रंग कोण लावतं?"
"देवाक पानो कोण लावता?"
हसू आलं, पण दाखवलं नाही.

खरवडून झाल्यावर रॉकेल सोडलं, तासभर थांबले, मग पाना. उजवं पायडल कुरकुरलं आणि सुटलं! अंगणात नाचले. सावंतकाकूंनी बघितलं, बघू दे.
डाव्याला पाना लावला, उजव्यासारखाच डावीकडे वळवला. ढिम्म. उद्या.

शनि. ३०
अर्धी शाळा. दुपारपासून डावं. रॉकेल झालं, उकळतं पाणी झालं, हातोडीने ठोकून झालं. शेवटी पान्यावर लोखंडी पाइप चढवून लोंबकळले. केसभर हललं नाही. तळहातावर तीन फोड, त्यातला एक फुटला.
आप्पा समोर. अडकित्ता कट्, कट्. सायकलवाला मुद्दाम डोकावून गेला, "खुला क्या?" हसतोय मेला.
मोरीत जाऊन रडले. दुःख कसलं, राग आला म्हणून. एक लोखंडाचा तुकडा मला तात्पुरती ठेवणार?

रवि. १ डिसेंबर
सकाळी परत तेच. दहा वाजता डोकं फिरलं. सावंतांकडून लोखंड कापायची करवत आणली. डावा क्रँक कापते, एका पायडलवर जाते, बघू कोण अडवतं! करवत टेकवली आणि,
"ठेव ती खाली."
आप्पा ओट्यावरून उठले होते. काठीशिवाय.
"मागल्या चाकाकडे ओढ. डाव्याचे आटे उलटे आसतत."
मला कळेचना. उलटे म्हणजे? म्हणजे मी काल पाइप लावून, लोंबकळून, फोड आणून ते पायडल आवळत होते. सैल नव्हे, घट्ट!
"आणि तुम्ही बघत बसलात? दोन दिवस?"
"तू इचारलंस खंय?"
मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळ्या चाळीने ऐकलंय. आई असती तर दोघांनाही झोडपलं असतं.
आप्पा खाली मान घालून उभे. मग हळूच, "सुटला तर तू जातलस. त्याच उतारावरून."
चीड गेली नाही, पण करवत खाली ठेवली. एवढंच सांगितलं, "आप्पा, बस चुकली तर नोकरी जाते. मी पडेन की नाही ते माहीत नाही, नोकरी जाईल हे माहीत आहे."

त्यांनी सुपारी थुंकून टाकली. मग म्हणाले, सायकल धर. पाना स्वतः लावला, ठोकून बसवला, पाइप चढवला, भिंतीला हात टेकून धडधाकट पाय त्यावर ठेवला आणि सगळं वजन टाकलं. मी दोन दिवस आवळलेलं. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा "कड्!" असा आवाज आला, मला वाटलं पाय मोडला. पायडल होतं.
वाकलेलं पायडल घेऊन आत गेले. देव्हाऱ्याखाली ठेवलंय. ठेवू देत.

नवी दोन्ही मीच बसवली. हात लावू दिला नाही.

सोम. २, सकाळी
सहाला दहा कमी. घंटा सव्वासातला. सलवार-कमीज घातलाय, ओढणी कमरेला गच्च.
खाली गेले तर आप्पा आधीच सायकलपाशी. धोतराच्या सोग्याने हँडलवरचं कुंकू पुसत होते. दसऱ्याचं. स्वतः.
पाना माझ्या पिशवीत टाकला. "वाटेत ढिला झाला तर आवळ. म्हायत आसा ना खंयच्या बाजूक?"
"मला नसेल माहीत तर कोणाला असेल?"
सावंतकाकू गॅलरीत, केस विंचरत, तोंड उघडायच्या बेतात. आप्पांनी वर बघून हाक मारली, "काय बघतास? माजा चेडू आसा. शाळेत जाता हा."
त्यांची लेक, सगळ्या चाळीसमोर! डोळे भरून आले. पुसले, म्हटलं विसरायच्या आत लिहून काढू, म्हणून वर आले. आप्पा खाली सायकल धरून उभे आहेत, हाक मारतायत. उतार अजून बघायचाय. निघते.