अडतीस इंचांचा ओटा

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम, आता निवृत्त, राहणार दोन खोल्या आणि एक गॅलरी, मिळून दोनशे ऐंशी चौरस फूट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून गुंडाळलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायला हवे होते, पण इतरांची घरे लावता लावता माझे राहून गेले.

कलम १. आधी धंद्याबद्दल, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. चाळीस वर्षे मी लहान घरे लावून दिली. भिंतीत मिटणारी टेबले, पलंगाखालचे खण, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या बागा. माझे दोन नियम होते. पहिला, लहान घरात जमिनीवर काही ठेवायचे नाही. जमीन मोकळी राहिली की घर मोठे होते. दुसरा नियम तळमजल्यावरच्या शिंप्याकडून उचललेला : टेप भिंतीला लावण्याआधी माणसाला लावायचा. घरात स्वयंपाक करणाऱ्याला उभे करायचे, कोपर दुमडायला सांगायचे, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचे आणि त्याच्याखाली चार इंचांवर ओटा बांधायचा. लोक हसायचे. म्हणायचे, "इंचकाका, शर्ट शिवताय की स्वयंपाकघर?" पण माझ्या ओट्यावर काम करून कोणाची पाठ धरली, अशी तक्रार चाळीस वर्षांत आली नाही. आली नाही असे मी समजत होतो.

कलम २. हत्यारे. रंधे, पटाशा, दोन करवती आणि माझ्या हातची पेटी धाकट्या भावाला द्यावी. आमचे सोळा वर्षे बोलणे नाही. आम्ही एकत्र काम करायचो. मग त्याला छताखाली दुसरे छत करून त्यात दिवे लपवायचा नाद लागला. साडेआठ फुटांच्या खोलीत त्याने एक फूट खाल्ला आणि वर मलाच म्हणाला, "दादा, घर मोठं असण्यापेक्षा मोठं दिसणं महत्त्वाचं. आरसे लाव." मी त्याला नाही नाही ते बोललो. माझे म्हणणे आजही तेच आहे. तरी हत्यारे त्यालाच द्यावीत, कारण धार लावावी तर त्यानेच. सोबत कपाटाच्या दारावरचा मोठा आरसाही द्यावा. तो समजेल काय ते.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते सर्व चिरंजीवांना. शिवाय माझी चिकटवह्यांची चळत. तीस वर्षे मी मासिकांतली सुंदर छोट्या घरांची चित्रे कापून त्यांत चिकटवली. चिरंजीव हल्ली तेच मोबाइलवर करतात. जेवताना सुद्धा मला पांढरीशुभ्र स्वयंपाकघरे दाखवतात. त्यांनी या वह्या शांतपणे चाळाव्यात. एवढ्या चित्रांत एकाही घरात माणूस नाही. मला हे कळायला फार वर्षे लागली, त्यांना लवकर कळावे.

कलम ४. तळमजल्यावरच्या शिंप्याला काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, हे तो स्वतःच कुठून तरी विचारून आला आणि मग तासभर हिरमुसून बसला. त्याला चित्रे कापायची माझी कात्री द्यायची होती. ती आता मी जिवंतपणीच देऊन टाकतो.

कलम ५. घर. माझ्या कमाईचे हे घर, आतल्या सर्व लाकूडकामासह आणि गॅलरीतल्या बागेसह, माझ्या पश्चात एकट्या माझ्या सुनेच्या मालकीचे होईल. चिरंजीवांचा त्यावर हक्क राहणार नाही. ते रागावतील, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

माझी पत्नी उंच होती, माझ्याहून चार बोटे जास्त. हे घर घेतले तेव्हा पहिले माप मी तिचे घेतले. कोपर बेचाळीस इंच, म्हणून ओटा अडतीस. ती गेली तेव्हा मी घरातले काही हलवू दिले नाही. ओट्याच्या कडेला तिच्या पोळपाटाचा घासलेला पट्टा आहे, त्यावरून मी येता-जाता हात फिरवायचो. पुढे दोन वर्षांनी सून आली. ठेंगणी आहे. तिने कुठल्याशा खोक्याच्या फळ्या जोडून एक ठोकळा केला आणि उभे राहायला ओट्यापुढे ठेवला. घरातली मी न केलेली ही एकच वस्तू. खिळे वाकडे, सांधे उघडे. स्वयंपाकघरात जायला दीड हाताची वाट, तिच्यात हा ठोकळा. मी दोनदा अडखळलो. रोज संध्याकाळी मी तो उचलून गॅलरीत ठेवायचो, रोज सकाळी ती परत आणायची. बारा वर्षे हे चालले. मी शिंप्याला सांगायचो की सुनेला घर लावायची अक्कल नाही.

गेल्या उन्हाळ्यात सून आठवडाभर माहेरी गेली, तिच्या आईचे आजारपण होते. चिरंजीव कामाच्या दौऱ्यावर. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ओट्याशी उभा राहून भाजी चिरली. वयाने मीही दोन इंच आखडलो आहे. दुसऱ्या दिवशी खांदे भरून आले. तिसऱ्या दिवशी मी गपचूप गॅलरीतून ठोकळा आणला आणि त्यावर चढलो. वरच्या फळीवर दोन पावलांपुरता भाग गुळगुळीत झाला होता. मी खाली उतरून टेप लावला. ठोकळा बरोबर सहा इंच. म्हणजे तिचा ओटा बत्तीसचा हवा होता, आणि ते तिला ठाऊक होते. ज्याने अख्ख्या गावाची कोपरे मोजली त्याने घरातल्या बाईचे कोपर मोजले नाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, जेवण गेले नाही.

त्यानंतर महिन्याभराने दोघांचे बोलणे कानावर पडले. चिरंजीव म्हणत होते, बाबांच्या नंतर हे विकून मोठे घेऊ. सून म्हणाली, "विकायचं तर विक. इथं माझ्या मापाचं आहे तरी काय?" मला हे घर विकले जायला नको आहे. पण त्याहून जास्त, तिने ते असे सहज सोडून द्यावे हे मला सोसणार नाही. म्हणून घर तिचे. ते विकायचे की नाही हेही तिनेच ठरवावे.

~~कलम ६. माझ्या निधनानंतर एका महिन्याच्या आत स्वयंपाकघरातील ओटा पाडून सुनेच्या मापाने नवा बांधावा. खर्च माझ्या पैशांतून करावा.~~

कलम सहा रद्द केले आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज साक्षीदारांसमोर हा कागद वाचून दाखवत होतो. सहाव्या कलमाशी डॉक्टरीणबाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, "काका, तब्येत तुमची बरी आहे. ओट्यासाठी तिनं तुमच्या मरणाची वाट का बघायची?" मी म्हणालो, माझ्या डोळ्यांदेखत तो फुटलेला मला बघवणार नाही. शिंपी खिडकीकडे बघत राहिला. मग मी टेप काढला आणि गॅलरीत असलेल्या सुनेला हाक मारली.

ती ओल्या मातीचे हात पुसत आली. मी म्हणालो, "सूनबाई, इथं उभी राहा. कोपर दुमड."

ती म्हणाली, "छत्तीस आहे, बाबा. मोजलंय मी, लग्न झालं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, ओटा आईंचा आहे, त्याला हात लागणार नाही."

मला हे आठवत नाही. तिला आठवते आहे, म्हणजे मी म्हणालो असणार. तरी मी माप घेतले. वाकायला त्रास झाला, शिंप्याने टेपचे खालचे टोक धरले. छत्तीस. ती इतका वेळ हात दुमडून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. माझेही.

काम उद्या सकाळी सुरू होईल. धाकट्या भावाला चिरंजीवांच्या फोनवरून बोलावले आहे, कारण माझे हात आता थरथरतात. येतो म्हणाला. पत्नीच्या पोळपाटाने घासलेली कड तेवढी कापून मला द्यावी, मी ती पलंगाशी ठेवीन.

ठोकळा मोडीत काढतो म्हणालो तर सून म्हणाली, राहू द्या, कुंड्यांना पाणी घालायला लागतो. तेव्हा मी गॅलरीत जाऊन बघितले. लिंबू, पुदिना, कोरफड, सगळ्या कुंड्या माझ्या पत्नीच्या हाताच्या उंचीवर टांगलेल्या आहेत. त्याही उद्या खाली घ्यायच्या. हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल.

वरील मजकूर वाचून, समजून, राजीखुशीने सही करत आहे.

सही : इंचकाका, सुतार

साक्षीदार १ : शिंपी, तळमजला. (टेपचे टोक मी धरले होते. माप बरोबर आहे.)
साक्षीदार २ : डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना

ठिकाण : वरील घर, स्वयंपाकघर. कागद ओट्यावर ठेवून सही केली. ओट्याची उंची आजच्या दिवसापुरती अडतीस इंच.

दिनांक : ७ नोव्हेंबर