डावा पाय

मंगळवार, संध्याकाळ. चेरीताल.

आईला सांगू की नको? दवाखान्यातून आल्यापासून डोक्यात हेच चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. रक्त लवकर गोठायची ही खोड जन्माचीच, घराण्यातून येते. "पापा को भी था क्या?" मी म्हटलं, माहीत नाही. पण बाबांचाही डावाच पाय सुजायचा. खमरियाच्या फॅक्टरीत दिवसभर उभं राहून सुजतो, असंच आम्ही समजत होतो. आई रोज संध्याकाळी तेल कोमट करून तो चेपायची. एका संध्याकाळी पाय तिच्या मांडीवरच होता, अन् बाबांना एकदम दम लागला. गेले. सगळे म्हणाले, हार्ट.

डॉक्टर आज म्हणाले, "मालिश बिल्कुल नहीं. थक्का फेफड़ों में जा सकता है."

म्हणजे गाठ सुटून फुफ्फुसात. म्हणजे बाबांचं... नाही, असं कसं म्हणता येईल? तपासलं कोणी होतं? हार्टच असेल. पण पाय डावाच होता ना.

आत्ताच आई तेलाची वाटी घेऊन आली. "दे पाय." डॉक्टर नको म्हणाले, एवढंच बोलायचं होतं. पण ती विचारणार, काहून? मी उजवा पुढे केला.

"सुजला तर तो आहे ना, गं?"

"याच्यातच कळ येऊन राहिली, आई."

ती उजवा चेपत राहिली, बघत होती डाव्याकडे. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना माझ्या हातानंच आराम पडायचा."

हो, म्हटलं मी.