मागच्या पडवीतील मेणाची चूल

पवित्र त्रैक्याला स्मरून मी, सुझाना, दिवंगत पास्कल परेरा यांची विधवा, राहणार ठाणे, देवळामागची आळी, हे लिहिते. शरीर थकले, पण शुद्ध शाबूत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. देवाने पोटापुरते दिले आणि वर शेजारही चांगला दिला, त्याचे आभार आधी.

१. माझ्या मातीला घरच्याच मेणबत्त्या लावाव्या. वाकड्या निघालेल्या आधी. चांगल्या विकाव्या.

२. दीर मार्सेल यांना दोन मोठ्या मेणबत्त्या. मी घरात चरबी वितळवते असा अर्ज त्यांनीच म्युनिसिपालिटीत दिला होता. वस्तीत चरबीचा धंदा करायला मनाई आहे. चूल बंद झाली असती. या मेणबत्त्या त्यांनी जवळ धरून हुंगाव्या. माझा राग एवढाच.

३. शेजारच्या नीलाबाईंना माझी शिसवी पेटी. चौकशीला इन्स्पेक्टर आले, त्या दिवशी या ब्राह्मणाच्या बाई आपण होऊन माझ्या पडवीत आल्या, कढईवर वाकल्या आणि म्हणाल्या, "चरबी असती तर आमच्या ह्यांनी केव्हाच बिऱ्हाड हलवलं असतं. मेण आहे, मधाचा वास येतोय. लिहा तसं." मग घरी जाऊन नेसत्या लुगड्यानिशी आंघोळ केली. मला त्याचे वाईट वाटले नाही. आंघोळ करावी लागणार हे ठाऊक असून त्या आल्या होत्या.

४. त्यानंतर परवाना मिळाला, तो अटींवर: मेण तेवढेच वितळवावे, चूल मागच्या पडवीत असावी, रस्त्यावर पाटी लावू नये, आणि धंदा करणाऱ्याने त्याच घरात राहावे. म्हणून हे घर, पडवी, चूल आणि साचे, वाटणी न करता, माझी सून अ‍ॅग्नेस हिला देते. माझा थोरला ऑस्वल्ड गेल्यावर ती माहेरी जाऊ शकली असती. गेली नाही. नवस फेडायला देवळात वाहतात ते मेणाचे हातपाय आता ती माझ्यापेक्षा सुबक करते. घर सुटले तर परवाना जाईल आणि तिचे पोटही.

५. धाकटा युजीन रेल्वेत आहे, कल्याणला राहतो. पोस्टातली शिल्लक त्याला. तो म्हणतो, "आय, घर विकू, वहिनीला कल्याणात खोली घेऊन देऊ." मनाने वाईट नाही. पण खोलीत चूल पेटवायला तिला कोण परवानगी देणार?

६. ~~युजीनने घर विकण्याचा हट्ट धरल्यास पोस्टातली शिल्लक देवळास जावी.~~

७. काल हा कागद युजीनला वाचून दाखवला. सहावे कलम ऐकून त्याने कागद मागून घेतला आणि ते स्वतः वाचले. मग म्हणाला, "मी हट्टी, हे साक्षीदारांनी पण वाचायचं का?" मी म्हटले, "वाचतील." आज रजा काढून तो अ‍ॅग्नेसला घेऊन म्युनिसिपालिटीत गेला. मी जिवंत आहे तोवरच परवाना तिच्या नावे व्हावा, असा अर्ज स्वतः लिहून देऊन आला. आल्यावर एवढेच म्हणाला, "वहिनीला जेवायला वाढ, सकाळपासून उपाशी आहे."

सबब कलम सहा मी माझ्या हाताने खोडले आहे. खाली अक्षरे दिसतात ती कोणी मानू नयेत.

सही: सुझाना पास्कल परेरा

आमच्यासमक्ष सही केली:
श्रीपाद बाळकृष्ण फणसे, शेजारी, नीलाबाईंचे यजमान
राघो धाकू, मेण आणून देणारा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

ठाणे, ता. १६ आक्टोबर १८९४