जाणाऱ्याने पडून जायचं

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार घालण्यात माझा हात धरणारा आपल्या धंद्यात दुसरा कोणी नाही, हे तुम्ही जाणताच. एकवीस वर्षं, आठवड्यातून चार संध्याकाळी, कधी पालथा तर कधी उताणा मी तेच करत आलो आहे. फक्त समोर पंच असायचा आणि अंगावर तुम्ही. सध्या डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार भिंतीला टेकून उभ्यानेच केलेला आहे, गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून तो मोडकं दार उघडल्यासारखा आवाज करतो का? ताईचा खोकला कमी झाला का? (ताई, हे वाक्य वाचताना खोकलीस तर उत्तर दाजींना तिथेच मिळेल.) तुमचा चष्मा अजून सापडला नसणार आणि हे पत्र ताईच वाचून दाखवणार, हे गृहीत धरून मी लिहितो आहे. ताई, जिथे कंस दिसेल तिथे आवाज खाली घे.

पत्रास कारण पुष्कळ आहे, पण ते शेवटी येईल, कारण मुद्द्यावर लवकर येणं मला जन्मात जमलेलं नाही. आधी मी रागावलो आहे, हे कळवतो. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही आपली कुस्तीच्या खेळांची कंपनी सोडून पुलापलीकडच्या कंपनीत गेलात. गेलात तर गेलात, पण जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मी काही परका नव्हे. ताईशी तुमचं ठरलं त्याच आठवड्यात तुम्ही मला या धंद्यात ओढलंत. माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणालात, तुझं अंग मऊ आहे, तू चांगला पडशील. आणि मला ते कौतुक वाटलं. मग तुमचं नाव पडलं पहाड आणि माझं उशी. पहाडाने उशीवर कोसळायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, यात अर्धं आयुष्य कसं गेलं कळलंसुद्धा नाही.

मी मात्र कंपनी सोडणार नाही. (ताई, हे कंसाबाहेरचं आहे, मोठ्याने वाच.) निष्ठा म्हणून काही चीज असते की नाही? तिकडे म्हणे गुडघ्याला बर्फ लावायला वेगळा माणूस ठेवलाय, आंघोळीला गरम पाणी येतं आणि बसमध्ये पाय लांब करून झोपता येतं. येत असेल. बर्फासाठी कोणी घर बदलतं का? आपले मालक दर दोन महिन्यांनी आपल्याला गोल बसवून सांगतात की आपण एक कुटुंब आहोत. (हे वाक्य झालं की काहीतरी बंद होतं, ही गोष्ट वेगळी. पहिल्यांदा डॉक्टर बंद झाला, नंतर गरम पाणी, आणि मागच्या खेपेला कपडे बदलायच्या खोलीतला पंखा. पण कुटुंब म्हटल्यावर सोसायचंच.) त्या पलीकडच्या लोकांना तुमचा फोन नंबर दिला कुणी, याचाच मला उलगडा होत नाही. ज्याने कुणी दिला असेल त्याचं काही भलं होणार नाही.

आता त्या संध्याकाळविषयी. रीत तुम्हीच मला शिकवलीत. आपल्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात हे पहिल्या रांगेतल्या आजींनाही ठाऊक आहे, तरी त्या चप्पल उगारतात. पण ही रीत मात्र त्यांना ठाऊक नाही. कंपनी सोडून जाणाऱ्याने शेवटची कुस्ती हरायची. इथे कमावलेलं नाव इथे राहणाऱ्याच्या हवाली करायचं आणि रिकाम्या हातांनी दाराबाहेर पडायचं. जो न पडता जातो तो आपल्यात चोर. तुम्ही जाणार म्हटल्यावर मालकांनी तुम्हाला पाडायला कुणाला निवडलं? उशीला. तुमचा अपमान आणि माझ्या निष्ठेचं बक्षीस, दोन्ही एकाच खेळात उरकायचं होतं. विजेत्याचा पट्टा तुमच्या कमरेवरून माझ्या कमरेला येणार होता. दाजी, एकवीस वर्षांत मी एकही कुस्ती जिंकलेली नव्हती. आठवडाभर मी आरशासमोर दोन्ही हात वर करून उभं राहायचा सराव केला. बायकोने विचारलं, पंखा पुसायचा असेल तर स्टूल का घेत नाही?

तुमच्याकडून काही कमी पडलं नाही. मला दोनदा डोक्यावर उचललंत, आणि दोन्ही वेळा खाली टाकताना मानेखाली हात ठेवलात. मग ठरल्याप्रमाणे दोराला पाठ लावून माझ्या दिशेने धावत आलात. मी कोपर पुढे करायचं, तुम्ही त्यावर आपटून आडवं व्हायचं, मी तुमच्यावर पडायचं आणि पंचाने तीन मोजायचे. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण तुम्ही धावत आलात की पडायचं, ही गोष्ट माझ्या अंगात मुरलेली. डोकं 'कोपर, कोपर' म्हणेपर्यंत अंग पडून मोकळंसुद्धा झालं. पडता पडता कोपर तेवढं हवेत गेलं, आणि तुम्ही बिचारे ते लागलं असं समजून माझ्या शेजारी कोसळलात. झालं. दोघेही आडवे.

दोघे पडले की पंच दहा मोजतो आणि जो आधी उठेल तो जिंकतो. तुम्ही उठलात तर रीत मोडणार, म्हणजे उठायचं मीच. पंचालाही ते कळलं, म्हणून त्याने मोजणी सैल सोडली. सातानंतर साडेसात आले. नवानंतर सव्वानऊ, मग साडेनऊ, मग पावणेदहा. (पहिल्या रांगेतल्या आजी ओरडल्या, हा काय कापड मोजतोय का!) तुम्ही छताकडे बघत, ओठ न हलवता म्हणालात, "ऊठ, गाढवा." मी म्हणालो, "तुम्ही मोठे, आधी तुम्ही." त्यावर तुम्ही जे बोललात ते मी ताईला वाचायला लावत नाही. दहा झाले. कुस्ती बरोबरीत सुटली. बरोबरीत पट्टा असतो त्याच्याकडेच राहतो, आणि तुम्ही, पडल्याशिवाय, पट्टा कमरेला असताना, आपल्या कंपनीतून गेलात. माझ्या पायात गोळा आला होता. मालकांना मी हेच सांगितलं, तुम्हालाही तेच सांगतो.

पट्टा तुम्ही नेला नाहीत, हे मला माहीत आहे. कपडे बदलायच्या खोलीत तुमच्या खिळ्याला, टॉवेलात गुंडाळून लावलेला तो मलाच सापडला. मीच तो मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मालकांनी तो खणात टाकला, खणाला कुलूप लावलं, आणि पुढच्या खेळाला माइकवरून जाहीर केलं की पहाड पट्टा चोरून पळाला. दाजी, हॉल भरला. तुमच्या नावाने बोटं मोडायला लोक लांबलांबून येताहेत, खुर्च्या बाहेरून मागवाव्या लागल्या. मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. या वेळी बंद झालं ते माझं तोंड. ते माइकवर बोलत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रीत पाळली तो माझ्या एका पडण्यामुळे चोर ठरला, आणि हे त्याला लिहायला मला तीन आठवडे लागले. मला फार लाज वाटते, दाजी.

तुमच्या जागी एक तरणा गडी आणलाय. आम्ही त्याला दंड म्हणतो, कारण तो दुसरं काही बघत नाही. मला उचलताना स्वतःच्या उजव्या दंडाकडे बघतो, टाकताना डाव्या. टाकताना मानेखाली हात ठेवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मी सांगितलं तर म्हणाला, "पण काका, मग आवाज कसा येणार?" तिसऱ्या दिवशी कंबर धरली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी चांगला पडत होतो असं काही नव्हतं. एकवीस वर्षं तुम्ही मला चांगलं खाली ठेवत होता. (आता औषधांच्या दुकानातून कमरेला बांधायचा रुंद पट्टा आणलाय. म्हणजे शेवटी मलाही पट्टा मिळालाच म्हणायचा.) तुमच्या खिळ्यावर हा दंड ओला टॉवेल टाकतो. मी रोज तो काढून खुर्चीवर ठेवतो, तो रोज परत टाकतो. भांडत नाही. खिळा रिकामाच बरा दिसतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

असो. इकडे बाकी सर्व ठीक आहे. निष्ठा जागच्या जागी आहे, पंखा बंद आहे. गुडघ्याला जपावं आणि तिकडचा बर्फवाला सुटीवर असेल त्या दिवशी जिना चढू नये. राग मनात ठेवू नये. ठेवायचाच असेल तर थोडा ठेवावा.

आपला रागावलेला, पण आज्ञेबाहेर नसलेला मेहुणा,
उशी

ता. क. — तिकडे पडणाऱ्या माणसाची एखादी जागा आहे का? सहज विचारतो. माझ्या एका ओळखीच्याला हवी आहे. (ओळखीचा माझ्याच वयाचा आणि माझ्याच बांध्याचा आहे. अनुभव दांडगा.)

दुसरा ता. क. — ताई, हे वाचायच्या आधी दाजींना खुर्चीत बसव. दाजी, तुमचा नंबर मी दिला. गरम पाणी बंद झालं त्या आठवड्यात मी गुपचूप पूल ओलांडून त्या कंपनीत गेलो होतो, तुमच्या चार महिने आधी. निष्ठा वगैरे त्या दिवशी मी घरी विसरलो होतो. सोबत माझे फोटो नेले होते, चांगले बारा. तिथल्या माणसाने बाराही नीट पाहिले आणि विचारलं, हे वर कोण आहेत? एकाही फोटोत माझा चेहरा नव्हता, दाजी. बाराच्या बारा फोटोंत मी खाली आणि वर तुम्ही. मी नाव सांगितलं, नंबरही सांगितला, कारण त्याने चहा विचारला होता आणि मला वाटलं, तुम्हाला बोलावलं तर मागोमाग मलाही बोलावतील. तुम्हाला स्वार्थी म्हणत मी तीन आठवडे हिंडलो. ते शब्द परत घेतो.

तिसरा ता. क. — जागेचं राहू द्या. पत्रास कारण हे आहे.

परवा मी मालकांना म्हणालो, खणातला पट्टा लोकांना दाखवा. ते म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. मी म्हणालो, माझं कुटुंब पुलापलीकडे गेलं, आणि काम सोडलं. पोटापाण्याची काळजी करू नका. कोपऱ्यावरच्या गादीवाल्याने दुकानात बसायला सांगितलंय. गिऱ्हाइकाला गादीवर पडून दाखवायचं, एवढंच काम. म्हणजे धंदा तोच, फक्त वर कोणी नाही.

रविवारी सहाच्या खेळात दंडाबरोबर माझी शेवटची कुस्ती आहे. जाणाऱ्याने पडायचं, तेव्हा मी पडणार. आता तुम्हीच सांगा, हे कळणार कुणाला? तुम्ही पडला असतात तर अख्खा हॉल उभा राहिला असता. मी पडलो की आजी चष्मा पुसायला घेतात. आयुष्यभर हरणारा माणूस निरोपाचं म्हणून वेगळं काय हरणार? मालक म्हणाले की जाहीर काही करणार नाही, आणि त्यात त्यांचंही काही चुकत नाही. पण मला वाटतं, हे पडणं वेगळं आहे हे ओळखणारं एक तरी माणूस त्या हॉलमध्ये असावं.

माझ्या पायात गोळा आला नव्हता, दाजी. मी उठलो की तुम्ही जाणार होता. जोवर आपण आडवे होतो तोवर तुम्ही आपल्याच कंपनीत होता, माझ्या शेजारी. म्हणून पावणेदहा झाले तरी मी उठलो नाही.

तर रविवारी या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरून ठेवतो, तिचे चारही पाय शाबूत आहेत. टोपी घालून लपू नका. तुम्ही टोपीत मावणारे नव्हे, आणि लपायचं कारणही उरणार नाही. पट्टा कुठे आहे ते मी कुस्तीआधी सगळ्यांना सांगणार आहे. माइक बंद केला तरी माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत सहज जातो. मग दंड मला उचलेल, टाकेल, आणि पंच तीन मोजेल. मी लगेच उठणार नाही. तुम्ही खुर्चीतूनच, त्या दिवशी छताकडे बघत म्हणालात तसं, तेवढं एकदा म्हणा.

या खेपेला उठेन.