लाल की हिरवा

आई, तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे. खोकला गेला, दोन वेळा पोटभर जेवतो. परवा नदीत बोट उलटल्याचं पेपरात वाचलं असशील. मी काठावर होतो, फोटो काढत होतो. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

माझं वेड तुला ठाऊक आहेच. रंगांनी डोळे भुलतात, दुःख काळ्या-पांढऱ्यातच खरं दिसतं, असं मी सगळ्यांना ऐकवत असतो. त्या दिवशीही कॅमेऱ्यात काळा-पांढराच रोल भरला.

काल एक सुतार खोलीवर आला. त्या बोटीतली त्याची मुलगी बेपत्ता आहे आणि शेजाऱ्यांचीही. वाचलेल्यांना कुठे कुठे नेलंय, कुणालाच धड माहीत नाही. माझ्या एका फोटोत एक मुलगी काठावर चढताना दिसते, पण पाठमोरी. सुतार तो फोटो खिडकीशी नेऊन बघत राहिला.

"साहेब, हा स्वेटर लाल आहे का हिरवा? आमचीचा हिरवा होता. शेजाऱ्यांचीचा लाल."

आई, या रोलवर लाल आणि हिरवा एकसारखेच राखाडी उमटतात. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो गं, तरी मला आठवेना.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हिरवाच असणार." फोटो छातीशी धरून जिना उतरून गेला.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

आणि एवढं कळव. मी निघालो तेव्हा तू शाल पांघरून दारात उभी होतीस. तिचा रंग कोणता होता? मी कालपासून आठवतोय.

तुझाच,
धाकटा