प्रभावतीची पात

४ ऑगस्ट २०२५
आजपासून बदनापुरात मुक्काम, आणि तोही पगारी! सर्जेराव सर निवृत्त चित्रकला शिक्षक. एल्सा नावाची डॅनिश चित्रकार सत्त्याण्णव साली त्यांच्याकडे राहून इथल्या कामकऱ्यांची रेखाटनं करायची. जाताना पेटीभर चित्रं इथेच ठेवून गेली. प्रत्येकाखाली मी मराठीत चार ओळी लिहायच्या. दोर वळणारा म्हातारा, विटा थापणाऱ्या बाया, आरशाकडे न बघता दाढी करणारा न्हावी. बाईने कष्ट रेखाटले, पण कुणाला बिचारं केलं नाही. मला ती आवडली.

६ ऑगस्ट
कपाशीच्या खुरपणीचं चित्र निघालं. पाच पाठमोऱ्या बाया, प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ, आपल्याकडे म्हणतात ती पात. शेवटची डाव्या हाताने खुरपतेय. एल्साने खाली नावं लिहिलीत. शेवटचं नाव प्रभावती.
माझी आई. त्याच साली, मी चार वर्षांची असताना, इथल्याच एका शेतात चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही. तिचा एक फोटोसुद्धा नाही. डावखुरी होती, एवढं मावशीकडून कळलेलं. ढसाढसा रडले. चेहरा मात्र दिसत नाही.

८ ऑगस्ट
चित्रात आई एकटीच. बाकी चौघी नाहीत, त्यांची नावंही नाहीत. परवा आईपासून बांधापर्यंत तिच्या पातीत कपाशीची दहा झाडं खुरपायची होती, आज चार. सरांना दाखवलं. म्हणाले, पहिल्यापासून एकटीच हाय ती, तुम्ही जरा डोळे तपासून घ्या.

९ ऑगस्ट
दोनच झाडं. पात संपली की बाया घरी जातात. आईही जाईल, आणि मला कोरा कागद उरेल. मी पेन्सिल घेतली आणि दहा झाडं वाढवली. सरांना कळलं तर हाकलतील. हाकलू देत.

१२ ऑगस्ट
रोज दहा झाडं काढते. ती थांबत नाही. सकाळी टेबलावर ओली माती, उपटलेलं गवत. तिची पाठ आणखी वाकली. मी कडुलिंबाची सावली काढली, पाण्याचा माठ काढला. ती बसली नाही, प्यायली नाही.

१४ ऑगस्ट
खुरपं गळून पडलंय. बोटांनी उकरतेय. कागदावर लाल — माझ्याकडे लाल रंग नाही —

१५ ऑगस्ट
वळली. माझंच नाक, माझीच हनुवटी. पण मला ओळखलं नाही. हात जोडले. म्हणाली, मुकादमीणबाई, आता तरी सुट्टी द्या, घरी लेक हाय चार वर्षांची, वाट बघून राह्यली —
मीच राबवलं तिला. मीच.
पुसतेय. मी काढलेली झाडं, एकेक करून. एकच झाड उरलं. आई, एकदा तरी लेक म्हणून माझ्याकडे — न्हाई, नको. जा तू. जल्दी जा. पोर दारातच बसून राह्यली, तिनं सकाळपासून काही —